मोहाच्या दिवसांत कुत्री जेवेना

कुत्र्यासाठी माणसानं रडावं का, असं मला पुष्कळांनी विचारलं. विचारणाऱ्यांतल्या एकानंही कधी कुत्रं पाळलेलं नव्हतं, म्हणून मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. आता म्हातारपणी कोणी विचारत नाही, तर आपणहून सांगते.

ती कुत्री माझ्या आईची. रंगानं मातकट, एक कान उभा, एक पडका, दिसायला अगदीच सामान्य. आईनं तिला नाव ठेवलं नव्हतं, 'ये वो' म्हटलं की यायची. माझ्या लग्नाआधीच्या पावसाळ्यात आई गेली आणि माघात वडिलांनी माझं लग्न उरकलं. वरातीची गाडी गावाबाहेर पडली तेव्हा कुत्री मागं लागली. तिला परत न्यायला वडील शेताच्या धुऱ्यापर्यंत, शेवटच्या बांधापर्यंत, धावत आले. तिच्या गळ्यात हात घालून थोडा वेळ बसले आणि काय मनात आलं कोण जाणे, सोडून दिली. "जाऊ दे, पोरीसंग राहीन," म्हणाले. बोदलकशाच्या तळ्याजवळच्या माझ्या सासरच्या गावापर्यंत दिवसभराची वाट ती गाडीमागं चालत आली.

सासू ओवाळायला दारात उभी होती. तिनं आधी कुत्रीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आंदणात भांडे कमी पडले म्हून कुत्री देली का वो तुह्या बापानं?"

जमलेल्या बायका खदखदून हसल्या. एरवी मीही हसले असते. सासू माझी अशीच, तोंडानं फाटकी आणि हातानं मोकळी. त्याच संध्याकाळी तिनं कुत्रीपुढं भाताचं एवढं ढेकूळ टाकलं की मलाच वाटलं, एवढं मला तरी वाढतील का.

त्या घरात आम्ही तीनच माणसं. सासू, माझा नवरा आणि मी. सासरे आधीच वारले होते. नवरा भला माणूस, पण बोलायचा बेताचं, आणि नव्या नवरीशी तर त्याहून बेताचं. दिवसभर काम करताना मला आईची आठवण यायची आणि ती कोणाला सांगावी हे कळायचं नाही. नवऱ्यानं तिला पाहिलं नव्हतं, सासूनं पाहिलं नव्हतं. आईच्या हातचं खाल्लेलं त्या घरात दोघंच होतो, मी आणि कुत्री. दुपारी भांडी घासताना ती माझ्या पाठीला पाठ लावून बसायची आणि मी तिच्याशी आईबद्दल बोलायची. यात वेडेपणा असेल तर असो.

माझं माहेर सपाट धानाच्या बांध्यांचं, तिथं मोहाची झाडं अगदी थोडी. सासर जंगलाच्या कडेला. होळीच्या सुमारास इथं मोह गळायला लागला की अख्खं गाव पहाटेच टोपल्या घेऊन रानात जायचं. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन स्वच्छ केलेली असायची, आणि तिच्यावर ती पिवळसर, रसानं भरलेली फुलं पडलेली असायची. वेचून आणायची आणि अंगणात वाळत घालायची. साऱ्या गावाला तो गोड, आंबूस वास. मला त्यानं मळमळायचं आणि सासूला वाटायचं की नातू येतो आहे. त्या बाबतीत तिची निराशा झाली.

मोहाच्या दिवसांत जनावरं झिंगायची. वाळत घातलेली फुलं खाऊन शेजारच्यांचा बैल भर रस्त्यात बसला होता आणि चार माणसांनी शेपूट पिरगाळूनही उठला नव्हता. कोंबड्या तिरप्या चालायच्या. एक बोकड आमच्या दारावर टक्कर देत बसला होता. लोक पोट धरून हसायचे. हे सगळं मी पहिल्यांदाच बघत होते, म्हणून आधी सांगून ठेवते.

एके दिवशी रानातून आल्यावर कुत्री अंगणात ओकली. सासू टोपली टेकवून बघायला गेली आणि हसायलाच लागली. उलटीत मोहाची फुलं होती.

"पाह्य वो, पाह्य! तुही कुत्री दारूडी निंगाली! चढली हाये तिले."

शेजारणी जमल्या. कुत्री मान खाली घालून, पुन्हा पुन्हा घशातून आवाज काढत, ओकाऱ्या देत उभी होती. पाय थोडे लटपटत होते. एकीनं तिला नमस्कार केला, दुसरीनं विचारलं, "कोन्या भट्टीवर गेलती वो बाई?" खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. फुलं डोळ्यांनी दिसत होती. त्याहून पुरावा काय हवा?

झिंगलेल्या जनावराला तिथं आंबट पाजायची रीत होती, चिंचेचं पाणी नाहीतर आंबट ताक. सासूनं चिंच कोळली, नवऱ्यानं जबडा धरला आणि दोघांनी मिळून तिच्या घशात ते पाणी ओतलं. ती अशी किंचाळली की नवऱ्याच्या हातून जबडा सुटला. सासू म्हणाली, "आंबट हाये, कोनाले आवडते? उद्या पाह्य, नाचत फिरन."

दुसऱ्या दिवशी ती नाचली नाही. रात्रीचा भात तसाच पडलेला, त्यावर मुंग्या. मी पेजेतला मऊ भात कुस्करून दिला, तोही तसाच. सासूनं माशाचं मुंडकं टाकलं, ज्यासाठी ही कुत्री एरवी मांजराशी मारामारी करायची. तिनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा ओकारी आली, आता नुसता फेस. सासूनं पुन्हा चिंच कोळली.

मी चुलीपाशी बसून बघत होते. झिंगलेला बैल मी बघितला होता, तो झोपला होता. बोकडही शेवटी झोपलाच. ही झोपत नव्हती. पुन्हा पुन्हा पेजेच्या खापराकडं जायची, तोंड खाली न्यायची, जीभ बाहेर काढायची आणि मागं सरायची. थोड्या वेळानं पुन्हा जायची. भूक नसणं वेगळं आणि भूक असून घास न उतरणं वेगळं. हे सांगायला वैद्य लागत नाही, दिवसभर तिच्याकडं बघत बसायला लागतं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तिले भूक हाये, पन ते गिळून नाई राहिली."

"मोवाची भूक अशीच असते."

"आता मोव कुठून आला? कालपासून पोटात काई नाई."

"तू मोवाची का मी मोवाची? जलम गेला माहा हितं."

जन्म तिचाच गेला होता तिथं. पण माझा संताप झाला. आपलं जळतं तेव्हाच कळतं, असं मनात म्हणत मी खापरं आपटली, चुलीत जास्तीचं लाकूड घातलं, भात करपवला. सासूनं तो करपलेलाच भात खाल्ला. संध्याकाळी बघते तर तीच मीठ-मिरच्या घेऊन कुत्रीवरून उतरवत होती. माझी चाहूल लागली तशी म्हणाली, "नजर लागली असन एखांद्याची. तुह्याच बापानं लावली असन." तिचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

त्यानंतर कुत्रीची कूस आत गेली. पाणीही तोंडातून परत येऊ लागलं, आणि त्यात तांबूस रेषा दिसू लागल्या. मी नवऱ्याला म्हटलं, तिरोड्याला गाडी न्या, तिथं ढोरांचा डॉक्टर असतो. तो म्हणाला, "ते बैलाले पाह्यते. कुत्रीले पाह्यन का?" मी म्हटलं, "नाई पाह्यलं तर त्याच्या दारात बसीन मी." इतकं मोठ्यानं मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले होते. मग उठून त्यानं बैल जुंपले. गावातले लोक बघत होते, कुत्रीसाठी गाडी जुंपतो म्हणून त्याला काय काय बोलले असतील ते बोलले. त्यानं मान वर केली नाही. त्या दिवशी मला तो माझा नवरा वाटला.

कुत्री माझ्या मांडीवर होती. हलकी झाली होती फार. तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, गाडी जात असताना तिनं एकदा मान उचलून पाण्याकडं बघितलं आणि परत ठेवली. पक्क्या सडकेला लागायच्या आधीच तिचा श्वास थांबला. मला ते लगेच कळलं, तरी मी नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडी थांबली असती.

शेवटी त्यानंच मागं वळून बघितलं.

गाडी मागं वळवून पाळीच्या खाली, ऐनाच्या झाडाजवळ त्यानं खड्डा खणला. तिचं तोंड फेसानं माखलं होतं, तसं तिला मातीत घालणं मला बघवेना. पदर ओला करून पुसायला घेतलं तर जिभेखाली दोरा दिसला. बारीक, मजबूत दोरा, जिभेच्या मुळाला आवळून बसलेला, तिथून खाली घशात गेलेला. मी ओढला. येईना. नवऱ्यानं बोट घातलं आणि हात मागं घेतला.

"गळ हाये," तो म्हणाला.

उन्हाळ्याकडं तळं आटत जातं तसे लोक काठाकाठानं गळ लावून ठेवत. मासोळी लावलेला असा एखादा गळ तिनं चिखलातून उचलला असणार. मोहाची फुलंही तिनं खाल्ली असतील, दोन-चार, जाता जाता. उलटीत ती दिसली आणि आम्ही सगळे हसलो. ज्या घशात लोखंड रुतलं होतं त्यात आम्ही मायेनं चिंचेचं पाणी ओतत होतो. कोणाचा गळ होता ते आम्ही शोधलं नाही. गळ साऱ्या गावाचेच होते.

घरी आल्यावर नवऱ्यानं आपल्या आईला सांगितलं. तिनं अंगणातली सगळी मोहाची फुलं फडक्यात भरली आणि माझ्या नजरेआड, मागच्या परसात नेऊन वाळत घातली. माझं रडणं मात्र थांबेना. लोक म्हणाले, कुत्रीसाठी इतकं? मी कुत्रीसाठी रडत होते आणि आईसाठीही. आई गेली आणि लगेच लग्नाची घाई सुरू झाली, तेव्हा कोणी मला नीट रडू दिलं नव्हतं.

वाटेत मुक्काम करून वडील अक्षयतृतीयेला सकाळीच मला न्यायला आले. मला वाटलं होतं, ते आले की मन हलकं होईल. गाडी सोडून ते ओसरीवर टेकले, पाणी प्याले, सासूशी धानाबद्दल बोलले. सारखं इकडंतिकडं बघत होते. सासू आत गेली तसे ते हळूच म्हणाले,

"बाई, एक मांगू का तुले? वाईट नोको वाटून घेऊ."

"मांगा ना, बाबा."

"कुत्री नेऊ देशील का मले? घरी कोनीच नाई वो. संध्याकाळी दार उघडतो तं घर खायाले धावते. तवा सोडून देली, पन मंग लय पस्तावलो. चालून तिचे पाय दुखतीन म्हून गाडीत तनीस टाकून आनलो."

मी गाडीकडं बघितलं. मागच्या भागात जाड थर होता तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, मधे हातानं दाबून खोलगट केलेला.

मी सांगितलं. आधी मोहाचं, मग गळाचं. ते मान हलवत ऐकत राहिले, पीकपाण्याची गोष्ट ऐकावी तसे. मग त्यांनी विचारलं, "उपाशी गेली का?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांच्या डोळ्यांकडं बघून जमलं नाही.

"हो बाबा."

"तुही मायबी तशीच गेली," ते म्हणाले. "चमचा धरून बसलो होतो मी."

हे मला माहीत नव्हतं. शेवटच्या दिवसांत मला आईच्या खोलीत जाऊ देत नसत. मला वाटायचं, आई झोपेतच गेली.

वडील उठले, गाडीतलं तणीस कवेत घेऊन आमच्या बैलांपुढं टाकून आले आणि म्हणाले, चल, ऊन वर येते. लग्न झाल्यापासून मी ज्या दिवसाची वाट बघत होते तो हाच. मी गाडीत बसले, आणि माहेरी जायची मला पहिल्यांदा भीती वाटली.