उंबऱ्यापाशी काढायचा पाय

मला एका जागी बसवणं हे घरातलं सगळ्यात अवघड काम, असं आई सांगायची. ते काम एका तापाने करून टाकलं. राज्याचं नाव तेव्हा म्हैसूर होतं आणि पोलिओची लस आमच्यापर्यंत पोचली नव्हती. माझा उजवा पाय गेला. अंगातली चुळबुळ मात्र जशीच्या तशी राहिली, आणि तिचं काय करायचं ते कुणालाच कळेना. आम्ही यशवंतपूरला राहायचो. घरामागे स्टेशनात मालगाडीचे डबे दिवसभर इकडून तिकडे ढकलत. डब्यावर डबा आदळला की माझं डोकं फिरायचं. लोखंडाला हिंडायला मिळतं आणि मला नाही, याचा राग यायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मला जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, घालून इस्पितळात न्यायचे. तिथे एक बाई लोकरीच्या घोंगडीचे तुकडे उकळत्या पाण्यात बुडवून, पिळून, माझ्या पायाला गुंडाळत. ओल्या लोकरीचा तो वास अजून आला तर मी खोली सोडून जाते. मग त्या गुडघा ताणत. मी ओरडले की कानडीत म्हणत, "स्वल्प, स्वल्पच." त्यांचं ते स्वल्प कधी संपायचं नाही. त्यांच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, म्हणून आम्ही त्यांना कसरतबाई म्हणायचो.

पुढे कॅलिपर आला: मांडीपासून खाली उतरणाऱ्या दोन लोखंडी सळया, चामड्याचे पट्टे आणि तळाला चामड्याचा बूट. तो चढवून उभी राहिले त्या दिवशी मला लगेच पळायचं होतं. बाईंनी फ्रॉक मागून धरून ठेवला म्हणून दात शाबूत राहिले.

आमचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी या मुलखात आलेलं. आमची मराठी अर्धी कानडी झाली होती, पण सोवळं जागचं हललं नव्हतं. ते सांभाळायची अक्का, अण्णांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. त्यांची आई गेल्यावर अण्णांना तिनेच वाढवलं होतं. तिच्या राज्यात चामडं उंबऱ्याच्या आत येत नसे. त्यामुळे मी ओट्यावर आणि अंगणात कॅलिपर घालून चालायची. उंबऱ्यापाशी आई पट्टे सोडायची आणि तो लोखंडी पाय बाहेर भिंतीला टेकवून ठेवायची. आत मी बुडावर घसरत जायची, गुडघा पोटाशी घेऊन. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही. उलट पाहुण्यांना कौतुकाने दाखवत, बघा कशी सरसर जाते. मलाही वेग आवडायचा.

मग एका खेपेला कसरतबाईंनी गुडघा मोजला, पुन्हा मोजला, आणि अण्णांना विचारलं की मुलगी कॅलिपर घालते ना. घालते की, अण्णा म्हणाले, बाहेर असते तेव्हा.  दुसऱ्या दिवशी बाई बसने आमच्या घरी आल्या आणि ओट्यावर बसून त्यांनी सगळा सोहळा पाहिला.

त्यांनी आईला शांतपणे समजावलं. दिवसभर वाकलेला गुडघा आखडत चालला आहे. तो असाच धरला की कॅलिपर चढणार नाही, आणि मग ही जन्मभर जमिनीवरच राहील. जून महिन्यात शाळेत घालायचं आमचं बोलणं चाललं होतं. त्याचा तर प्रश्नच उरणार नव्हता. अक्काला कानडी आमच्यापेक्षा चांगली येत होती. तिने आतून सगळं ऐकलं आणि आतूनच सांगितलं की चामडं घरात येणार नाही. अण्णा कचेरीत मोठे साहेब होते म्हणे. त्या वेळी ते आढ्याकडे बघत राहिले.

आई नेहमीप्रमाणे पट्टे सोडायला वाकली. मी तिचा हात ढकलला.

"मी काढणार नाही," मी म्हटलं.

अक्काने पान वाढलंय म्हणून हाक मारली. अशीच येईन, नाहीतर इथेच उभी राहीन, असं मी सांगितलं आणि चौकट धरून उंबऱ्यापाशी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी हलत नव्हते. बाई कॉफी पीत बसल्या होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत की शाबास म्हणाल्या नाहीत. चांगला पाय थरथरायला लागला. भूक लागली होती, आणि भीती वाटत होती की आपण पडू आणि मग सगळं संपेल. आत अक्का भांडी आदळत होती. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, माझ्या पायाकडे पाहिलं आणि देवघरात गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात तिच्या वडिलांच्या खडावा होत्या. ती रोज त्यांना गंधफूल वाहायची. आम्हाला त्यांच्या जवळही जाऊ देत नसे. तिने खडावा बाईंपासून हातभर लांब ठेवल्या.

"ह्या घालून आमचे वडील सोवळ्यात जेवायला यायचे," ती म्हणाली. "लाकडाला मी कुठे नको म्हणते? पोरीला असला पाय करून द्या."

बाईंनी विचारलं, हात लावू का? अक्का खडावांकडे वाकली. मला वाटलं, आता उचलून परत नेते.

"लावा," ती म्हणाली.

इस्पितळाच्या कारखान्यातल्या मिस्त्रीने फणसाच्या लाकडाचा तळ केला. चामड्याच्या जागी खाटेची नवार आली. माझा तो पाय थोडा आखूड होता, तेवढी उणीव लाकडाच्या उंचीने भरून निघाली. घसरू नये म्हणून पुढे रबर लावलं. टाचेत सळया बसवायच्या होत्या, तिथे लाकूडच राहिलं.

पहिल्या दिवशी मी भिंत धरून माजघरातून निघाले. एक पाऊल मुकं, एक पाऊल टक्. स्वयंपाकघरात अक्का दाराकडे पाठ करून भाजी चिरत होती. आवाज जवळ आला तशी तिने विळी आडवी केली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठून उभी राहिली, वडील जेवायला आल्यावर राहायची तशी. मग वळली. दारात मी होते.

ती खाली बसली नाही. मी पाटापर्यंत पोचेपर्यंत तशीच उभी राहिली.