काचेमागची मॅच

“सिक्स! अरे, सिक्स!” मैदानाकडे पाठ करून टीव्ही बघत आमचे बॉस ओरडले, तेव्हा खालच्या पब्लिकचा त्याच सिक्सवरचा नाच केव्हाच आटोपला होता. पनीर टिक्क्याचा वास आला की अजून तो स्टेडियममधला कंपनीचा काचबंद बॉक्स आठवतो. एसी असा, की पेंग्विननं शाल मागावी. बॅटचा आवाज जन्मात एकदा मैदानात ऐकायचा, एवढ्यासाठी वडील हडपसरहून कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. “ही काच जरा सरकवता का?” त्यांनी विचारलं. “अहो काका, एसी बाहेर जाईल!” बॉस म्हणाले. त्यांना सेल्सच्या टार्गेटवर बोलायचं होतं, म्हणून टीव्हीही म्यूट. निघताना बॉसनी विचारलं, “मग काका, कसं वाटलं?” “घरी आवाज तरी येतो,” वडील म्हणाले.