करवंदांच्या पाटीतून पाणी

मे महिना लागला की ती यायची. त्र्यंबकच्या मागच्या डोंगरातल्या पाड्यावरची, माझ्याच वयाची. पहिल्या एसटीने यायची आणि गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत पाटी उतरवायची ती माझ्याच दाराशी. पळसाच्या पानात करवंदं, वर मूठभर फुकट. "बाई, पानी दे गं," म्हणून तांब्याभर प्यायची आणि मग आमच्या गप्पा. नव्वद सालानंतरची सात-आठ वर्षं असंच चाललं.

मग एका मे महिन्यात तिच्या पाटीत करवंदांखाली रिकामा तेलाचा डबा निघाला. "ह्यो भरून दे. घरी न्यायचाय."

मला वाटलं, थट्टा करतेय. म्हटलं, "अगं, पाऊस म्हणजे तुमच्याकडचा! तुमच्याच ओढ्यांचं पाणी धरणात येतं, तेच माझ्या नळाला."

"पडतोय की. पन चार दिवसांत समदा ओतून मोकळा होतोय. वर झाडं नाय ठेवली कुनी, थांबल कुठं? होळीलाच पान्याचा झिरा आटतो. सून हंडा घेऊन दरीत उतरते. पोटुशी हाय."

ओढ्याला दगडी बांध घाला म्हणून पाड्यावरच्या बायकांनी सरकारी ऑफिसात खेपा घातल्या होत्या. एकदा एक साहेब आला, चुन्याची रेघ मारून गेला. पावसात रेघ वाहून गेली. "साहेब तेवढा नाय गेला वाहून," म्हणून ती खदखदून हसली. मला हसू येईना. तिच्याबरोबर मीही त्या ऑफिसात जाऊन आले. "पुढच्या वर्षी बघू, मावशी." दरवर्षी पुढचंच वर्ष!

मग ती आली की मी डबा भरून द्यायची. एसटीत कंडक्टर म्हणे चिडवायचा, "आजी, पाण्याचं अर्धं तिकीट काढ."

आमच्या शेजारचे एक गृहस्थ रोज पाइप लावून गाडी धुवायचे. पाइप जमिनीवर वाहतोय आणि हे आत चहा पितायत. एकदा मला अडवून म्हणाले, "वहिनी, सोसायटीचं पाणी बाहेरच्यांना कशाला देता? उद्या सगळा डोंगर येईल डबे घेऊन."

माझं डोकंच फिरलं. "बाहेरची कोण, ती? अहो, तिच्या ओढ्याच्या पाण्यानं टायर धुताय तुम्ही!"

"आता जगाचं हवामानच बदलतंय, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार?"

आणि हेच गृहस्थ आदल्याच महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये पृथ्वीच्या तापमानावरच्या व्याख्यानाला अध्यक्ष! मी होते ना तिथे. "पुढच्या पिढीला भोगावं लागेल," म्हणाले. टाळ्या पडल्या. टेबलावरच्या अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या तशाच टाकून मंडळी जेवायला गेली. पुढची पिढी म्हणे! मग दरीत हंडा घेऊन उतरतेय, ती कोण?

पुढच्या मे महिन्यात ती आलीच नाही. मी रोज दाराकडे बघायची.

दिवाळीनंतर समोरच्या प्लॉटवर इमारतीचं काम निघालं. तिथे पत्र्याच्या खोपटाशी ती दिसली, कडेवर नातू. मी धावतच गेले. सून हंड्यासकट दरीत घसरली होती. पोटातलं पोर वाचलं, सुनेचा पाय कायमचा अधू झाला. पाड्यावर पाणी भरणारं कुणी उरलं नाही, म्हणून सगळं घरच खाली शहरात आलं. तिचा मुलगा नव्या भिंतींवर पाइपाने पाणी मारत होता, नुसतं धो धो.

"बघ बाई, हितं किती पानी हाय," ती म्हणाली. मग माझ्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणते, "करवंदं आता तूच आनायची."

मी परतले तर शेजारचे ते गृहस्थ गाडी पुसत होते. "बरं झालं, आली बिचारी पाण्याजवळ," म्हणाले.

मी त्यांना भर रस्त्यात शिवी घातली. जन्मात पहिल्यांदा. घरच्यांनी मागे घ्यायला सांगितलं, सोसायटीने मीटिंग बोलावली. मी म्हटलं, आधी तो बांध घाला.

बांध अजून झालेला नाही.