झोक्याखालची विहीर

दिवाली चपला काढत नसे. १९३६ साली धुळ्याच्या त्या मुलींच्या बोर्डिंगात बत्तीस पोरी होत्या. त्यांतली ही सातवीची, साक्रीकडच्या डोंगरातली. स्वयंपाकघरात चपला चालत नाहीत, म्हणून भरपावसातही ताट घेऊन बाहेर ओट्यावर बसायची. स्वयंपाकीण भिकुबाई तिला मडमीण म्हणायची. दिवाली कधीच हसायची नाही.

खरं ते तिलाच ठाऊक. अनवाणी चालताना जमिनीखाली पाणी असलं, की तिचे तळवे रांजणात बुडवल्यासारखे गार पडत. सहा वर्षांची असताना ती शेतात एके ठिकाणी थांबली नि पायाखाली बोट दाखवून म्हणाली, "आठे पाणी शे." तिच्या बापानं, ठाकऱ्यानं, लेकीच्या शब्दावर विहीर खणली. पाणी लागलं. त्याच दिवशी कड ढासळली नि ठाकऱ्या आतच राहिला. गाव म्हणालं, पोरीचे पाय डाकिणीचे. काकूनं त्या पायांत चपला घातल्या आणि तिला बोर्डिंगात आणून सोडलं.

चैत्रात बोर्डिंगाची विहीर आटली. मोठ्या बाई प्रमिलाबाई म्हणाल्या, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, झाला की आपापल्या घरी जा. सातवीच्या फायनलची परीक्षा सणानंतर पंधरा दिवसांवर आलेली. बाकीच्यांना घर होतं. दिवाली एकदा गावी गेली असती, तर तिला परत कोण पाठवणार होतं?

झिपरू पाणाड्याला बोलावलं. तळहातावर नारळ आडवा धरून तो सगळं आवार फिरला. नारळ उभा राहिला तो नेमका निंबाच्या सावलीत. चार दिवस खणलं, काळा दगड लागला. नारळ पोरींनी खाल्ला. भिकुबाईचं म्हणणं, झिपरूला पाणी सापडत नाही, सावली सापडते.

आखाजीला आवारातल्या चिंचेच्या लांब फांदीला झोका बांधला. दिवाली चपलांसकट फळीवर चढायला गेली, तशी भिकुबाई खवळली. गौराईच्या सणाला झोक्यावर चपला? तिनं त्या ओढूनच काढल्या. पोरींनी गाणी म्हणत असा झोका दिला की दिवाली फांदीला टेकून आली, आणि बोर्डिंगानं तिचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. हसतहसतच तिनं खाली उडी मारली. पाय टेकले तसे गार पडले. हसू गेलं, ती चपला शोधू लागली.

भिकुबाईनं तिला चुलीपाशी नेलं, हातावर पुरणाचा मांडा ठेवला आणि पायांचं, बापाचं सगळं वदवून घेतलं. मग एवढंच विचारलं, "कडाले लाकडं लायेल व्हतात का?"

"नही, अक्का."

"मंग तुना बापले पाणीनी मारं नही, कच्चा मुरूमनी मारं. मना भाऊ वना, वीस वरीस व्हयनात, विहिरी खंदस. त्याले इचार."

भिकुबाईच्या भावानं, वनानंही तेच सांगितलं. तेव्हा कुठे दिवालीनं झोक्याखालची जागा दाखवली, पण अट घालून: कडांना फळ्या, खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि दोराचं टोक तिच्या हाती. प्रमिलाबाईंनी पोरींच्या ट्रंका आठ दिवस थांबवल्या. दिवाली चिंचेच्या बुंध्याला दोराचे वेढे देऊन, मांडीवर इतिहासाचं पुस्तक घेऊन बसली. खालून वना ओरडायचा, "पोरी, जोरमा वाच. माले बी फायनल देनी शे."

सहाव्या दिवशी मुरूम ओला आला. सातव्या दिवशी वना गुडघाभर पाण्यातून वर आला, चिखलानं माखलेला, दात काढत. तो काठावर नीट उभा राहीपर्यंत दिवालीनं दोर सोडला नाही. मग चिखलातच बसली नि पुन्हा हसायला लागली.

ट्रंका उघडल्या गेल्या. झोक्याची जागा गेली म्हणून लहान पोरी रुसल्या; झिपरूचा खड्डा बुजवून झोका निंबाला बांधला, तेव्हा गप्प झाल्या.

त्या दुपारी दिवाली चपला दारात सोडून, ताट घेऊन स्वयंपाकघरात शिरली. भिकुबाईनं आधी तिचे पाय पाहिले, मग सारवलेल्या जमिनीवर उमटलेला चिखल.

"मडमीण, पाय धुईसन ये," ती म्हणाली. "आते पाणी शे."