राक्षस मी लिहिला होता

संपादकांनी माझी बातमी दोन बोटांत धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. "पाण्याच्या पाइपात गटाराचं पाणी शिरलं." थांबले. "ही बातमी आहे की पंचनामा? बाप गिरणीत होता ना तुझा? भाषा कुठून येणार!"

सगळे हसले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याचीच आज जास्त किळस येते.

मी तेव्हा पेपरात आरोग्याच्या बातम्या करायचो. डिलाईल रोडवरच्या आमच्याच चाळीत कावीळ पसरली होती. शेजारी टॉवरसाठी खोदताना बिल्डरच्या यंत्राने गटार फोडलं, पाण्याचा पाइपही फोडला. चाळीने वॉर्ड ऑफिसात तक्रार दिली होती. शेजारच्या मालतीकाकीने मला हाताला धरून तो खड्डा दाखवला. तिची सात महिन्यांची गरोदर सून कावीळ होऊन हॉस्पिटलात पडलेली.

"तू लिव. तुजा आयकतले," काकी म्हणाली.

मी पुन्हा लिहिलं. या वेळी काविळीचा राक्षस आला. जिने चढला. चाळ रोगाचं वारूळ झाली. खड्डा नाही, यंत्र नाही, बिल्डर नाही. राक्षसाला खोदायची परवानगी कुणी दिली, असं कोण विचारणार?

"आत्ता कसा लेखक झालास!" संपादकांनी पाठ थोपटली.

सून गेली. पोटातल्या बाळासकट. काकी वॉर्ड ऑफिसात गेली, तर इंजिनीअरने माझाच लेख पुढे सरकवला. "पेपरात पाइपाचं काही नाही, आजी. तुमची चाळच घाण आहे."

तिने तो कागद माझ्या अंगावर फेकला. "मेल्या, राकस दिसलो तुका? फुटलेलो पायप दिसाक नाय?"

वीस वर्षं मी त्या खड्ड्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. लेखाला बक्षीस मिळालं, तेही घेतलं.

गेल्या आठवड्यात त्याच पेपरच्या नव्या संपादकबाईंचा फोन आला. "सर, विशेषांकात तुमचा राक्षस परत छापतोय. काय प्रतिमा आहे!"

"छापू नका. आधी खड्डा छापा. मला माहीत होतं आणि मी लपवलं, हेही छापा."

"पण सर, मग त्यात लेख कुठे राहिला?"

मी फोन ठेवला.

काकी आता नाही. माफी मागायला कुणी उरलं नाही. म्हणून हे सही करून लिहितो. बिल्डरच्या यंत्राने पाइप फोडला. वॉर्ड ऑफिसला माहीत होतं. त्यांनी पाणी बंद केलं नाही. काकीची सून त्या पाण्याने मेली. पेपर छापणार नसेल तर हा कागद मी चाळीच्या दारोदार वाटेन. यातलं एक अक्षरही कुणाला बदलू देणार नाही.