मी थांबवलेली गाडी

जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गहून निघालेली दोन डब्यांची गाडी डोंगरात शिरली, तेव्हा मी खिडकीतून सिग्नल शोधत होतो. आयुष्यभर वऱ्हाडातल्या लहान लहान स्टेशनांत स्टेशनमास्तर होतो, सवय जात नाही. समोर माझी नऊ वर्षांची नात रेवा बसली होती. दोन महिने मी मराठीत विचारत होतो आणि ती जर्मनमध्ये उत्तर देत होती. 'आजोबा काय करतात' या शाळेतल्या निबंधात तिने 'सोफ्यावर बसतात' असं लिहिलं होतं. ते मला चांगलंच लागलं. परवा माझं परतीचं विमान. त्याआधी आपला आजोबा कोण होता हे तिला कळावं, म्हणून हट्टाने तिला एक जुनं स्टेशन दाखवायला निघालो. "बाबा, स्टेशनात काय बघायचं?" म्हणून निखिल, माझा मुलगा, रविवार असून घरीच राहिला.

उतरण्याआधी रेवाने दांडीवरचं बटण दाबलं. हे स्टेशन म्हणजे बेडार्फ्सहाल्ट (मागणी असेल तरच थांबा). आतून कुणी बटण दाबलं किंवा फलाटावर कुणी उभं दिसलं, तरच गाडी थांबते. गावाकडच्या एसटीसारखंच म्हणायचं.

एकच फलाट. काचेची शेड, तिकिटाचं यंत्र, सायकली लावायचा कठडा आणि खांबावरच्या कर्ण्यातून बोलणारी ध्वनिमुद्रित बाई. ना स्टेशनमास्तर, ना हमाल, ना चहावाला. अडलंनडलं तर विचारायचं कुणाला? मी उगाचच चिडलो.

मागच्या दगडी इमारतीतल्या वार्टेझालमध्ये (प्रतीक्षालय) आता गावकरी रविवारी कॉफी विकतात. काउंटरवर सत्तरीच्या फ्राऊ (श्रीमती) केलर होत्या. त्या बोलू लागल्या आणि रेवाला दुभाषी व्हावंच लागलं.

"त्या म्हणतात, इथून दगड जायचा. डोंगरातला. खूप वाघ... ते डबे?"

"वाघिणी."

"हां, वाघिणी. मग ट्रक आले. त्यांचे बाबा इथले लास्ट स्टेशनमास्तर. त्या वरच्या खोलीत बॉर्न झाल्या."

एवढं मराठी तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बाईंनी दिलेला सफरचंदाचा केक तसाच राहिला बशीत.

मीही स्टेशनमास्तर होतो हे रेवाने सांगताच बाईंनी भिंतीवरून लांब दांड्याची पांढरी चकती काढली, हिरव्या काठाची. गाडी सोडताना त्यांचे वडील ती उंचावत. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

तेवढ्यात रूळ वाजले. न थांबणाऱ्या गाडीलाही स्टेशनमास्तरने उभं राहून हिरवी झेंडी दाखवायची, हा आमचा शिरस्ता. पाय आपोआप बाहेर वळले. फलाटावर ताठ उभा राहिलो, चकती धरली. आणि गाडी करकचून थांबली! इथे माणूस उभा दिसला की थांबतात, हे मी साफ विसरलो होतो. दारं उघडली. ना कुणी चढलं, ना उतरलं. चालक तरुणीने डोकं बाहेर काढलं, "बिट्टे?" (काय हवंय?)

मला दरदरून घाम फुटला. विनाकारण गाडी थांबवणाऱ्या लोकांकडून मी स्वतः लेखी खुलासे घेतले आहेत.

रेवा धावत आली आणि भराभर जर्मन बोलू लागली. 'ओपा' (आजोबा) आणि 'बानहोफ' (स्टेशन) एवढंच मला कळलं. तरुणीने माझ्याकडे पाहिलं, चकतीकडे पाहिलं. हसली नाही. सरळ बसून थांबून राहिली.

"आजोबा, ती तुमच्यासाठी थांबलीय. तुम्ही सोडा गाडी."

मी दोन्ही बाजूंना पाहिलं, दारं लागल्याची खात्री केली आणि चकती उंचावली. गाडी निघाली. डोळे भरून आले, लपवणं जमलं नाही.

संध्याकाळी घरी रेवाने सोफ्यावर उभं राहून हे सगळं बापाला करून दाखवलं. मी खूश होतो. निखिल मात्र टेबल पुसू लागला.

"मी क्वार्टरच्या खिडकीतून रोज बघायचो तुम्हाला," तो म्हणाला. "एकदाही फलाटावर येऊ दिलं नाहीत, बाबा."

"ड्युटीवर असायचो रे. नियम होता."

"गेनाऊ (अगदी बरोबर). नियम होता." आणि तो ताटं घ्यायला गेला.

नातीला आपण कोण ते माहीत नाही, म्हणून दोन महिने कुरकुरलो. हाकेच्या अंतरावर वाढलेल्या या मुलाचा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. मला माझीच लाज वाटली.

जेवताना विचारलं, "उद्या सुट्टी मिळेल तुला?"

"उद्या सोमवार. ती कॉफीची खोली बंद असेल, बाबा."

"असू दे," मी म्हटलं. "फलाट उघडाच असतो."