सहा पायांची रंभा

ताडोबाच्या जंगलात, मोहर्लीच्या गेटवर डोमा मारबते कैक वर्षांपासून गाइड आहे. पर्यटकाला वाघ दाखवणं हे त्याचं काम, आणि वाघ दिसला नाही तर त्याची समजूत घालणं हे त्याचं खरं काम. अशा माणसानं विज्ञान कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा गावात कुणाला नवल वाटलं नाही. आजवर तोंडी थापा मारत होता, आता लेखी मारेल, एवढंच लोक म्हणाले.

निमित्त झालं जिप्सीत बसलेल्या एका प्राध्यापकाचं. वाघ काही निघेना, तेव्हा वेळ घालवायला त्यानं डोमाला सांगितलं की आपल्याला दिसतो तो तारा आजचा नसतो. त्याचा उजेड इथवर पोचायलाच शेकडो वर्षं लागतात. बाकीचे झुडपाकडे डोळे लावून बसले होते आणि आमचा गाइड चारशे वर्षं लांबच्या एका ग्रहावर जाऊन पोचलाही होता. त्या फेरीत वाघ रस्ता ओलांडून गेला म्हणतात. डोमानं तो पाहिला नाही.

कादंबरी अशी होती: डोंगरावर एक भलीमोठी दुर्बीण, तिच्यामागे सहा शास्त्रज्ञ आणि दुर्बिणीत दिसणारे तांबड्या तळ्याकाठचे सहा पायांचे परके जीव. शास्त्रज्ञ डोमानं फारसे पाहिले नव्हते, पर्यटक मात्र पोटभर पाहिले होते. त्यामुळे त्याचे शास्त्रज्ञ हिरव्या टोप्या घालून पुढच्या सीटसाठी भांडतात, चिवडा खातात आणि पलीकडच्या डोंगरावरच्या दुर्बिणीवाल्यांना काल काय दिसलं हे ऐकून तोंड पाडून बसतात. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांचा नियम एकच: पाहायचं, हात लावायचा नाही. निम्मी कादंबरी सरेपर्यंत परका जीव दिसतच नाही. सायटिंगची गॅरंटी नसते, हे डोमाला पक्कं ठाऊक होतं.

पण त्याला एक खोड होती. समोर ऐकणारं कुणी नसलं तर त्याला एक ओळ सुचत नसे. गाइडच तो. त्याची श्रोती म्हणजे बायको, कुंता. ताडोबा मंगळवारी बंद असतो. त्या दुपारी ती अंगणात विळीवर मासोळ्या चिरायला बसे आणि हा वाचे. शेजारची म्हातारी बायनाबाई मासोळीच्या वासावर येई आणि कादंबरी ऐकून जाई. शास्त्रज्ञांशी कुंताला काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव जडला तो तळ्याकाठच्या एका पिल्लावर. डोमानं त्याला नंबर दिला होता. लेकराला नंबर कुठं असतो, म्हणून कुंतानं त्याचं नाव रंभा ठेवलं आणि पुढच्या पानापासून मोठे साहेबही मुकाट्यानं रंभा म्हणू लागले.

मग एका मंगळवारी रंभा आजारी पडली, आणि पान संपायच्या आत मेली.

विळीवरचा हात थांबला. "अन् ते साहेब लोक का करून राह्यले होते?" कुंतानं विचारलं.

"पाहून राह्यले होते."

"नुसते पाहून राह्यले?"

"नियम हाय. हात लावाचा नाई."

"आग लागो तुमच्या नियमाले. लेकरू मरून राह्यलं, अन् साहा जण चिवडा खाऊन राह्यले."

डोमानं विज्ञान पुढं केलं. "अवं, ते चारशे वर्षांपयलेच मेलं. उजेड आता आला."

"त्यायले आज समजलं ना? मंग आजच मेलं," असं म्हणून कुंता मासोळ्यांचं भांडं घेऊन आत गेली.

पुढच्या मंगळवारी ती अंगणात बसलीच नाही. डोमाचं घोडं तिथंच पेंड खायला लागलं. त्यानं जिप्सीवाल्या मुश्ताकला गाठलं, मुश्ताकनं दोन पानं ऐकून विचारलं, "हल्ला कधी होते?" त्यानं शेळीसमोर वाचून पाहिलं, शेळीनं एक पान खाल्लं. शेवटी लाज सोडून त्यानं कादंबरीत औषध शोधलं आणि रंभाला जिवंत केलं. ते घरात वाचून दाखवलं, तर कुंता आणखीच बिघडली. "मेलेलं लेकरू कोणाचं उठते?" म्हणाली, आणि जेवण वाढून तोंड फिरवून बसली. कादंबरी तर गेलीच होती, आता घरही मुकं झालं. डोमाला जेवण जाईना.

अखेर बायनाबाईनंच त्याला दारात अडवलं. मासोळी बंद झाल्यानं तिचंही नुकसान होत होतं.

"कारे डोमा, रंभा मेली त्या दिवशी त्या साहेबायनं चूल पेटवली का?"

गावात मयत झाली की तिरडी उठेपर्यंत शेजारच्यांच्या चुली थंड असतात. मग दुसऱ्या आळीतून कुणी ना कुणी दुखवट्याचं साधं जेवण, म्हणजे कडू घास, घेऊन येतं. हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. आणि त्याच्या सहाही विद्वानांनी त्या दिवशी चापून खाल्लं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या मंगळवारी तो अंगणात एकटाच मोठ्यानं वाचत बसला. शास्त्रज्ञांनी टोप्या उतरवल्या. स्वैपाकघर बंद केलं. पण तळ्याकाठचे जीव चालीनं फार मंद. रंभाला उचलून पाण्यापर्यंत न्यायला त्यांनी कितीतरी दिवस लावले, आणि तोवर हे सहा जण नुसत्या पाण्यावर बसून राहिले. मोठ्या साहेबांना तर भोवळ आली. अखेर रंभा तळ्यात गेली. तेव्हा पलीकडच्या डोंगरावरचे ते दुर्बिणीवाले, ज्यांच्याशी जन्माचं वैर, डबे घेऊन चढून आले आणि काही न बोलता त्यांनी जेवणाची पानं मांडली.

कुंता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"का आणलं होतं डब्यात?"

डोमानं हे लिहिलं नव्हतं. "वरण-भात," तो म्हणाला.

"तिखट?"

"नाई. साधं."

कुंतानं पदरानं डोळे पुसले, पाट ओढला आणि बसली. "मंग वाचा पुढं. तिची माय कशी हाय आता?"

रंभाला आई असेल, हे सहा शास्त्रज्ञांच्या आणि डोमाच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. त्यानं पेनाचं टोपण काढलं.